भेव कायचं वं, पोरी?

कळंबच्या चिंतामणीला आजी मला पहिल्यांदा घेऊन गेली तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. देवळात जायचं म्हणजे चढायचं, एवढंच तोवर मला ठाऊक होतं. टेकडीवरची देवी, उंच जोत्यावरचा मारुती, पायऱ्या चढून धापा टाकत वाजवलेली घंटा. इथे मात्र पायऱ्या खाली जात होत्या. वर चैत्राचं ऊन रणरणत होतं, फुफाट्यानं पाय भाजत होते. आणि चार पायऱ्या उतरलो न उतरलो तोच घोट्यांना गार हवा लागली. आणखी खाली उजेड कमी झाला. ओल्या दगडाचा, दुर्वांचा आणि तेलवातीचा असा एक मिसळलेला वास आला. मी आजीचा पदर घट्ट धरला आणि तिथेच उभी राहिले.

आजी म्हणाली, "काऊन वं, भेव वाटते?"

मी मान हलवली.

"भेव कायचं वं, पोरी? देवाच्या घरी चाललो आपन."

हे घर जमिनीच्या पोटात आहे. कळंब हे यवतमाळ–नागपूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. यवतमाळहून निघालं तर पाऊण तासात येतं. बाजार, कापसाच्या गाड्या, एसटीचा फलाट, चक्रावती नदी, सगळं इतर गावांसारखं. आणि या गजबजाटाखाली सुमारे ३३ फूट खोल चिंतामणी बसलेला. तोंड दक्षिणेला, समोर कुंड. गणपतीचं देवस्थान दक्षिणेकडे पाहणारं सहसा नसतं. दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे पाय करून झोपूही नये असं घरोघरी सांगतात. म्हणजे भीती वाटावी असं सगळं साहित्य तिथे आहे. खोली आहे, अंधार आहे, पाणी आहे, दक्षिण दिशाही आहे. तरी त्या पायऱ्या उतरणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर मी कधी भीती पाहिली नाही. माहेरच्या घरात शिरताना चेहरा सैल होतो, तसे त्यांचे चेहरे होतात.

हे सगळं पुन्हा वर आलं ते भाच्यामुळे. तो पुण्यात शिकतो. गेल्या दिवाळीत आला आणि जेवणं झाल्यावर मोबाईलवर मला एकेक जागा दाखवू लागला. जगातल्या भयाण, विचित्र जागा. त्याला आणि त्याच्या मित्रांना पैसे साठवून तिथे जायचंय. युक्रेनमधलं प्रिपयात, पॅरिसच्या रस्त्यांखालची हाडांची भुयारं, जपानचं हाशिमा बेट. दाखवता दाखवता तो म्हणाला, "मावशी, आपल्याकडे असं अंगावर काटा आणणारं काहीच नाही, ना?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. चित्रं पाहत राहिले. प्रिपयातचा पिवळा, गंजलेला आकाशपाळणा पाहिला आणि हात तिथेच थांबला. चेर्नोबिल अणुवीज केंद्रातल्या कामगारांसाठी १९७० साली वसवलेलं हे शहर. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे केंद्रात स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जवळजवळ पन्नास हजार माणसं बसगाड्यांत बसवून बाहेर काढली. तीन दिवसांपुरतं सामान घ्या, असं त्यांना सांगितलं होतं. तो पाळणा १ मेच्या सणाला सुरू व्हायचा होता. २०२२ साली युद्ध सुरू होईपर्यंत त्या पाळण्यापुढे उभं राहून लोक फोटो काढायचे. मला मात्र तीन दिवसांचं सामान बांधणाऱ्या बाईचे हात दिसत राहिले. तिनं काय घेतलं असेल? लेकराचा एक स्वेटर, पाव, ओळखपत्र. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालून निघाली असेल, तीन दिवस पुरावं म्हणून.

हाशिमाही तसंच. समुद्राखालच्या कोळशासाठी एवढ्याशा बेटावर काँक्रीटच्या उंच चाळी उभ्या केल्या, हजारो माणसं दाटीवाटीनं राहिली. युद्धकाळात कोरियन आणि चिनी मजूर जबरदस्तीनं आणून त्या खाणीत उतरवले. १९७४ साली खाण बंद झाली आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बेट रिकामं झालं. आता बोटी भरभरून माणसं येतात, फुटक्या खिडक्या बघून परत जातात.

अशा जागांच्या याद्या नीट पाहिल्या की लक्षात येतं, त्यातल्या बहुतेक जागा माणसं उठून गेल्यामुळे भयाण झाल्या आहेत. एखादं भूत तिथे आलं म्हणून नव्हे. आपल्या भाषेला हा भेद फार चांगला कळतो. ओसाड वेगळं, भकास वेगळं, गूढ वेगळं. भकास हे भर दुपारीही असतं. घरातलं माणूस गेल्यावर चुलीकडे पाहवत नाही, तेव्हा आपण म्हणतो घर भकास झालं. तिथे अंधार लागत नाही. गूढ जागेला मात्र अंधार चालतो, कारण तिथे कुणीतरी रोज दिवा लावत असतं. परक्या मुलखातून आलेल्या प्रवाशाला दोन्हीकडे एकच काटा येतो आणि तो दोन्ही जागा एकाच यादीत घालतो. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या दोन याद्या असायला हव्यात.

तुर्कस्तानात देरिनकुयू म्हणून जमिनीखालचं अख्खं गाव आहे. १९६३ साली घराची दुरुस्ती करताना एकाला भिंतीमागे वाट सापडली आणि खाली मजल्यांमागून मजले निघाले. सुमारे ८५ मीटर खोल, हजारो माणसं मावतील एवढं. जग त्याला विलक्षण म्हणतं, आणि आहेच ते विलक्षण. पण तिथे काय सापडलं? धान्याच्या कोठ्या, गुरांचे गोठे, विहिरी, प्रार्थनेची जागा, आतून लोटायच्या दगडी चकत्यांची दारं. वर शत्रू आला की लेकराबाळांना आणि गुरांना घेऊन लोक खाली उतरायचे. आमच्याकडे वाड्यात धान्याचं पेव असायचं. ते उघडलं की कुणी लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा माणसाला मारते, असा दंडक होता. पोरांना त्या तोंडाशी फिरकू देत नसत. आम्ही पोरं पेवाला घाबरायचो. मोठ्यांच्या लेखी मात्र ते पुढच्या वर्षीच्या भाकरीचं ठिकाण होतं. देरिनकुयूच्या बायकांनाही आपलं ते भुयार तसंच वाटत असणार.

आणि कुर्डी. गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं हे गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणाच्या पाण्यात ते बुडालं. दर वर्षी उन्हाळ्यात पाणी ओसरतं आणि मे महिन्यात गाव वर येतं: चिखलानं माखलेली जोती, वाळलेल्या माडांचे बुंधे, घरांच्या रेघा. प्रवासी त्याला भुताचं गाव म्हणतात. पण त्याच दिवसांत दूर पुनर्वसन झालेले लोक परत येतात, आपापल्या घराच्या जागेवर उभे राहतात, देवाच्या जागी उत्सव करतात, एकत्र जेवतात. पावसाळा आला की गाव पुन्हा पाण्याखाली. उजनीच्या जलाशयात पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळही असंच पाणी खूप आटलं की वर येतं आणि इंदापूरकडचे लोक त्याला पाहायला धावतात. ज्या वर्षी ते दिसतं ते दुष्काळाचं वर्ष असतं, एवढं मात्र फोटोत दिसत नाही.

कळंबला याच्या उलट घडतं. तिथे पाणी देवाकडे चढून येतं.

कथा अशी. अहल्येशी कपट केल्याबद्दल गौतमऋषींनी इंद्राला शाप दिला, त्याचं सर्वांग क्षतांनी भरलं. तेव्हा त्याला कदंबनगरीत जाऊन गणेशाची आराधना करायला सांगितलं. गणेशानं अंकुशानं भूमीत कुंड केलं, त्यात स्नान करून इंद्र बरा झाला. कृतज्ञतेनं त्यानं गंगेला आज्ञा दिली की दर बारा वर्षांनी इथे येऊन चिंतामणीचे चरण धुवावेत. कदंबाचं कळंब झालं. ऋग्वेदातल्या गृत्समद ऋषीचं गावही हेच, अशी परंपरा आहे. विनोबांनी त्याच्यावर लिहिताना त्याला कळंबचाच रहिवासी म्हटलं आहे आणि कापसाच्या शेतीचं श्रेयही त्याला दिलं आहे. विनोबांच्या पवनारहून कळंब काही फार लांब नाही.

कुंडातलं पाणी एकदा चढू लागलं की गाभाऱ्यात शिरतं, मूर्तीच्या पायांना लागतं आणि मग ओसरतं. त्याला गावात कुणी पूर म्हणत नाही. "गंगा आली," म्हणतात. बातमी गावोगाव पसरते, लोक मिळेल त्या गाडीनं कळंबला येतात. बारा वर्षांचा हिशेब अगदी तिथीवार जुळावा असा हट्ट तिथलं कुणी धरत नाही. बारा हा वाट पाहण्याचा आकडा आहे. तप बारा वर्षांचं असतं, तसं.

मी शाळेत भूगोल शिकवला आहे, त्यामुळे दुसरी गोष्टही मला सांगता येते. यवतमाळचा हा भाग बेसॉल्टचा, लाव्हाच्या थरावर थर. घट्ट थरातून पाणी मुरत नाही. वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या, जाळीदार थरात ते साठतं. पावसाळा चांगला झाला की भेगा भरतात आणि विहिरींची पातळी वर येते. ३३ फूट खोल गेलेली जागा ही एका अर्थी विहीरच. लागोपाठ भरपूर पाऊस झाला की भूजल तिथे चढणारच. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसं गावोगावच्या ठरलेल्या विहिरींत टेप सोडून पातळी मोजतात. पावसाळ्यानंतर एकदा, मग हिवाळ्यात, उन्हाळ्यात. कळंबच्या पूर्वजांनी त्या मोजणीच्या जागी देव बसवला, असं मला वाटतं. पाणी त्याच्या पायांना लागलं म्हणजे भुईचं पोट भरलं. कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या मुलखाला याहून मोठी बातमी कोणती? ही गोष्ट कळल्यावर माझी श्रद्धा कमी झाली नाही. उलट आजीच्या चेहऱ्यावरचा आनंद मला पहिल्यांदा नीट समजला.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याला एक वेगळीच गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना माझा आवाज चढला. आपला जिल्हाही एका भयाण यादीत आहे, म्हटलं. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं १९ मार्च १९८६ रोजी बायको-लेकरांसह आयुष्य संपवलं. प्रिपयात रिकामं झालं त्याच्या महिनाभर आधी. तेव्हापासून किती घरांत तसं झालं. बाहेरगावची माणसं गाड्या घेऊन येतात, छतातल्या लाकडी आड्याचा फोटो काढतात, हुंदका येईपर्यंत मागे राहिलेल्या बाईला प्रश्न विचारतात आणि यवतमाळला मुक्कामाला जातात. मी एकदा अशा घरी गेले होते. ती बाई पाहुण्यांना चहा करून देत होती. दूध कमी होतं म्हणून शेजारून मागून आणलं. तिचं घर भयाण नव्हतं. दारात तुळस होती, भिंतीवर लेकीच्या शाळेचं प्रमाणपत्र होतं, कोपऱ्यात बियाण्याची पिशवी होती. ती पुढच्या पेरणीचा विचार करत होती. आता कित्येक जण १९ मार्चला दिवसभर उपाशी राहतात. जागेशी नातं जोडायची तीही एक रीत आहे, आणि तिच्यासाठी कॅमेरा लागत नाही.

भाचा गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "मग जायचंच नाही का कुठे?"

जा, म्हटलं. नक्की जा. प्रिपयातला युद्ध संपल्यावर, जेव्हा जाता येईल तेव्हा जा. पॅरिसच्या भुयारांत जा. तिथल्या साठ लाख माणसांची हाडं शहराच्या पोटात का आणून ठेवली ते वाचून जा. दफनभूम्या इतक्या भरल्या होत्या की १७८० साली शेजारच्या घराच्या तळघराची भिंत फुटली. मग रात्री रात्री गाड्यांतून, पाद्र्यांच्या प्रार्थनेसह, ती हाडं जुन्या दगडखाणींत नेली. कुणीतरी प्रार्थना म्हणत चाललं होतं, एवढं लक्षात ठेवून उतर.

यंदा भाद्रपदात तो पुन्हा आला. वर्ध्याहून रेल्वेनं आला, थेट कळंबला. वर्धा–कळंब हा रुळाचा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाची ही सुरुवात. आजीच्या वेळी आम्ही एसटीनं, गोणपाटांच्या ढिगावर बसून जायचो. त्याला घ्यायला मी स्टेशनवर गेले आणि सामानासकट त्याला आधी देवळात नेलं.

पाऊस नुकताच थांबला होता. पायऱ्या निसरड्या होत्या. चार पायऱ्यांनंतर ती ओळखीची गार हवा घोट्यांना लागली, आणि मी पाहिलं, तो थबकला. त्यानं मोबाईल खिशातून काढला नाही. भिंतीला हात टेकवला आणि हात पाहिला. ओला झाला होता.

खाली कुंडाच्या काठाशी एक म्हातारी दुर्वांच्या जुड्या बांधत बसली होती. त्यानं तिला विचारलं, "आजी, इथे पाणी खरंच देवाच्या पायापर्यंत येतं?"

"येते ना, बाबू," तिनं मान वर न करता सांगितलं. "यंदा आमच्या वावरातली हीर काठोकाठ हाये. इथंबी येईन." मग तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पाठीवरच्या मोठ्या पिशवीकडे पाहिलं. "कोठून आला रे?"

"पुण्याहून."

"तिकडं पडला काय पानी?"

तो तिच्याजवळ पायरीवर बसला आणि पुण्याच्या पावसाचं सांगू लागला.