शेवटच्या विकेटचा कर्नल

होस्टेलवर क्रिकेटच्या गप्पा रंगल्या की गाडी फार तर गावसकरपर्यंत मागे जाते. आज जरा आणखी मागे जाऊ. हेमू अधिकारी हे नाव ऐकलंय?

जन्म १९१९, पुणे. ऐन उमेदीची वर्षं महायुद्धाने खाल्ली. पहिली कसोटी खेळले तेव्हा १९४७ साल उजाडलं होतं आणि वय अठ्ठावीस. त्यात नोकरी सैन्यातली. टीमचं बोलावणं आलं तरी ड्युटी आधी. बारा वर्षांत कसोट्या फक्त २१.

पण काय खेळले राव! १९५२ साली दिल्लीत पाकिस्तानची पहिलीवहिली कसोटी. आपले नऊ बाद २६३. शेवटच्या विकेटला गुलाम अहमदला घेऊन या माणसाने १०९ धावा जोडल्या. स्वतः नाबाद ८१. तो भारतीय विक्रम मोडायला २००४ मध्ये सचिन-झहीरची जोडी लागली, म्हणजे ५२ वर्षं.

फेब्रुवारी १९५९. हॉल-गिलख्रिस्टने आपली पार दाणादाण उडवलेली. मालिका ०-३ अशी गेलेली, चार सामन्यांत तीन कॅप्टन होऊन गेलेले. पाचव्या कसोटीला चाळिशीला टेकलेल्या या लष्करी अधिकाऱ्याच्या गळ्यात कप्तानी पडली. ६३ आणि ४० धावा, वर तीन विकेट. सामना वाचवला. त्यानंतर पुन्हा कसोटी नाही! मला हे काही त्याग-बिग वाटत नाही. सरळ अन्याय वाटतो.

१९७१ ला ते वाडेकरच्या टीमचे मॅनेजर म्हणून इंग्लंडला गेले. फिल्डिंगचा सराव लष्करी शिस्तीत. सोलकरचे कॅच सगळ्यांना आठवतात, तो घाम कुणाला दिसत नाही. आपल्या काळ्या मातीच्या ग्राउंडला एप्रिलात भेगा पडतात. तिथं एकदा डाइव्ह मारून बघा, मग कळेल.

माझा रूम पार्टनर जिंतूरकडचा. त्याचा सीडीएसचा पेपर आणि युनिव्हर्सिटी टीमची ट्रायल एकाच आठवड्यात. घरून रोज फोन, "बाबा, एक कायतरी धर." परवा मेसमध्ये त्याला हे सगळं सांगितलं. वरणात भाकरी कुस्करत तो म्हणाला, "म्हणजे दोन्ही धरलं तर एकवीसच मॅच भेटतात का रे?"

मला उत्तर सुचलं नाही. ट्रायल गुरुवारी, पेपर रविवारी. बॅट त्याने शेजारच्या रूममधून मागून आणलीय.