पांडेसऱ्याच्या खाडीकाठी

गेल्या उन्हाळ्यात आम्हांस सुरतेस जाण्याचा योग आला. पहाटे वसई रोडला गाडी धरली. डहाणू, वापी, वलसाड, नवसारी अशी स्थानके मागे पडली आणि उन्हे चढण्याच्या सुमारास आम्ही उधन्यास उतरलो. फलाटावर पाऊल ठेवताच गुजरातीच्या जोडीला अहिराणी कानी आली आणि परमुलखात आल्याची भावना ओसरली. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे ताप्ती मार्गाच्या रेल्वेने येथे आली व येथलीच झाली. उधन्याला लागूनच पांडेसरा आहे. रंगाई आणि छपाईच्या गिरण्या, धुराडी, कापडाच्या ताग्यांनी लादलेले टेम्पो आणि या साऱ्यांच्या मधोमध दाटीने उभी असलेली कामगारांची घरे, असे हे गाव.

आमचे यजमान मूळचे शिंदखेड्याकडचे. त्यांचे सारे आयुष्य रंगाईच्या कामात गेले. सायंकाळी त्यांनी आम्हांस खाडी दाखविण्यास नेले. खाडी म्हणताच आमच्या डोळ्यांपुढे भरतीचे पाणी, तिवरे आणि होड्या आल्या. परंतु येथे मोठ्या नाल्यासही खाडीच म्हणतात. पाणी काळपट होते, आणि एका वळणावर त्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग पसरला होता. तो कोठून आला हे कोणासही सांगता येईना. यजमानांच्या पत्नी म्हणाल्या, "फादर, वास आला की खिडकी लावायची, एवढाच आमचा नियम."

हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले. आमच्या मनातून मात्र ते जाईना. कारण पांडेसऱ्याच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर सचिन ही औद्योगिक वसाहत आहे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे तेथे एका टँकरमधील रसायन नाल्यात सोडण्यात आले. त्यातून विषारी वायू उठला आणि जवळच्या गिरणीतील सहा कामगार प्राणास मुकले. वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांच्यापैकी कोणीही त्या रसायनास हात लावला नव्हता. दुसऱ्याने पाण्यात टाकलेल्या विषाने त्यांचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पश्चिमेस मगदल्ल्याकडे गेलो. तेथे तापी समुद्रास मिळण्याच्या तयारीत असते, आणि पलीकडे हजिऱ्याची बंदरे व कारखाने दिसतात. वसईकरांनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट येथे आहे. अरबी समुद्रातील ज्या वायुक्षेत्रास आपल्या वसईचे नाव दिले आहे, त्या 'बसीन' क्षेत्रातील वायू समुद्रतळावरील नळांतून याच हजिऱ्यास येतो. आणि समुद्रात सांडलेले तेल गोळा करण्यासाठी तटरक्षक दलाने ज्या तीन खास नौका बांधून घेतल्या, त्या 'समुद्र प्रहरी', 'समुद्र पहरेदार' आणि 'समुद्र पावक' याच सुरतेच्या गोदीत तयार झाल्या. म्हणजे समुद्राचा पहारेकरी जेथे जन्मला, तेथून जवळच पांडेसऱ्याची खाडी बिनपहाऱ्याची वाहते.

समुद्रासाठी सरकारने काय योजिले आहे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९८६ साली तेलगळतीच्या निवारणाचे काम तटरक्षक दलाकडे आले. त्यासाठीच्या राष्ट्रीय योजनेस १९९३ मध्ये मान्यता मिळाली व १९९६ पासून ती अंमलात आली. तिच्यात प्रत्येकाचा वाटा ठरलेला आहे. बंदराच्या पाण्यात बंदराने पाहावे; तेलविहिरीच्या भोवतालच्या ५०० मीटरांत तेल कंपनीने; खुल्या समुद्रात तटरक्षक दलाने; आणि तेल किनाऱ्यास लागले तर राज्य सरकारने. ७०० टनांपर्यंतची गळती स्थानिक साधनांनी आवरावी, त्यापुढे दलाची मदत घ्यावी आणि १०,००० टनांपलीकडे देशाबाहेरूनही साहाय्य मागवावे, अशा तिच्या पायऱ्या आहेत. तरंगते अडथळे टाकून तेल कोंडतात, यंत्राने ते वरच्यावर ओढून घेतात, आणि खोल पाण्यात औषध फवारून ते विरविले जाते. उथळ पाण्यात व तिवरांजवळ मात्र ते औषधच घातक ठरते.

या योजनेची कसोटी आपल्याच दारात लागली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'चित्रा' व 'खलिजा-३' या दोन जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल सांडले. दलाची जहाजे व विमाने धावली, पुढची मोठी हानी टळली. परंतु तेल उरण-अलिबागच्या तिवरांत शिरलेच. मासेमारी थांबली, जे मासे बाजारात आले त्यांस गिऱ्हाईक मिळेना. 'समुद्र प्रहरी' दलात दाखल झाली ती त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये! असे असले तरी, कोणी धावावयाचे हे त्या दिवशी ठाऊक होते. योजनेचा हाच लाभ.

खाडीच्या काठी नेमके हेच ठाऊक नसते. महापालिका आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, कारखाना निरीक्षक आहेत, अग्निशामक दल आहे, जिल्हाधिकारी आहेत. पण रात्री दोन वाजता वास आला तर प्रथम कोणाचे दार ठोठवावे? यजमानांच्या घरी कोणालाही उत्तर देता आले नाही. कायदा नाही असे मुळीच नाही. रासायनिक अपघातांसंबंधी १९९६ चे नियम आहेत. त्यांनुसार धोक्याच्या प्रत्येक औद्योगिक पट्ट्यासाठी एक स्थानिक आपत्ती गट असावा लागतो. त्याने दरमहा बैठक घ्यावी, संकटाची रंगीत तालीम करावी आणि भोवतालच्या लोकांस धोक्याची माहिती द्यावी. त्या गटात डॉक्टर, पोलीस व अग्निशामक अधिकारी यांच्याबरोबर सरपंच किंवा लोकांचा प्रतिनिधी यांसही जागा दिलेली आहे. ज्यांच्यासाठी हे नियम केले, त्यांच्या घरापर्यंत मात्र त्यांची वार्ता पोहोचलेली नाही.

हे दूरच्या सुरतेचे गाऱ्हाणे म्हणून आम्ही लिहीत नाही. पालघर जिल्ह्यात तारापूर-बोईसरचे कारखाने आहेत; नाल्यांतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाणारे पाणी एकच आहे. आणि भरतीच्या वेळी तेच पाणी उलट फिरून आपल्या शेतांच्या बांधापर्यंत येते. पावसाळ्यात किनाऱ्यावर लागणारे डांबराचे गोळे आपल्या मुलांच्या पायांस चिकटतात, तेव्हा हे सांगण्यास पंडित लागत नाही.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. येत्या ग्रामसभेत सरपंचांस विचारा : आपल्या भागाचा आपत्ती गट कोणता? त्यात आपला माणूस कोण? मागची बैठक केव्हा झाली? आणि दाराच्या मागे तीन क्रमांक लिहून ठेवा : समुद्रावरील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि सर्वसाधारण मदतीचा ११२. पाण्यावर तवंग दिसला तर ठिकाण, वेळ, रंग व वास सांगावा. कडेला विस्तव नेऊ नये, मुलांस पाण्यापासून दूर ठेवावे. उग्र वास आला तर खाली नाल्याकडे पाहण्यास न जाता वाऱ्याच्या आडव्या दिशेने उंच जागी जावे.

निघताना आम्ही हेच तीन क्रमांक यजमानांच्या भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहिले. बाईंनी ते मोठ्याने वाचले, आणि मग आपल्या लहान नातवाकडून पाठ म्हणून घेतले. गाडी उधन्याहून सुटली तेव्हा तो पोर फलाटावर बोटे मोजीत तेच आकडे पुन्हा पुन्हा म्हणत होता.