रक्ताचा कागद

हल्ली आमच्या पुण्याच्या घरी एक नवी चाल पडली आहे. कोणाला जरा बरे वाटेनासे झाले की रक्त तपासून आणायचे आणि तो कागद सर्वांनी मिळून वाचायचा! साखर आणि चरबीपर्यंत ठीक होते. पण परवा वहिनींनी एका प्रयोगशाळेची जाहिरात माझ्यापुढे ठेवली. बायकांच्या कर्करोगासाठी खास चाचणी, दिवाळीनिमित्त सवलतीत! वहिनींचे वय पंचेचाळीस. महिनाभर पोट फुगल्यासारखे वाटते, चार घास खाल्ले की पुरे होते. "वन्सं, रक्त दिलं की कळेलच ना सगळं?" त्यांनी विचारले. आवाज अगदी सहज होता, पण हात त्या कागदाची घडी घालीत होता नि उलगडीत होता.

चाचणीचे नाव सीए-१२५. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत हे प्रथिन ओळखण्याची युक्ती काढली. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या पुष्कळ बायकांच्या रक्तात ते वाढते. रोग ठरल्यावर उपचार लागू पडतो आहे की नाही, हे पाहायला ते फार उपयोगी. पण निरोगी बाईच्या दारात त्याला पहारेकरी म्हणून बसवावे, तर पंचाईत होते. मासिक पाळी, गर्भारपण, गर्भाशयातल्या गाठी, पोटाचा क्षय, कशानेही ते वाढते. आणि रोगाची खरीखुरी सुरुवात असते तेव्हा जवळजवळ निम्म्या जणींत गप्प राहते! ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांवर बायका घेऊन मोठी पाहणी झाली. त्यांतल्या काहींचे रक्त वर्षानुवर्षे तपासले. २०२१ मध्ये हिशेब लागला, तो असा की मृत्यू काही कमी झाले नाहीत.

हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "मग तुमच्या काकूंची कशी तपासणी झाली?"

काकू परांडा तालुक्यातली. तिची गोष्ट निराळी, कारण अवयव निराळा. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. त्याची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने म्हणजे घरात शिरलेले दोन चोर. एक पेशीतल्या पी-५३ नावाच्या रखवालदाराचाच काटा काढतो, दुसरा वाढीचा लगाम तोडतो. त्या धांदलीत पी-१६ हे प्रथिन पेशीत भरमसाट साठते, आणि तुकडा तपासणारे डॉक्टर आज ती खूण रंग देऊन पाहतात. हे सारे व्हायला वर्षे लागतात, म्हणून वेळ हाताशी असतो.

१९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी हाच वेळ साधायचे ठरवले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे कोणत्या गटाला कोणती तपासणी ते ठरले. काकूच्या गटाला विषाणू शोधण्याची आली. "समद्या जणी गेल्या म्हणून म्या बी गेले, लाज वाटत व्हती," असे ती अजून सांगते. निकाल २००९ मध्ये छापून आला. एकदाच केलेल्या त्या तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या. या रोगाने आठ वर्षांत त्यांतल्या ३४ गेल्या. काहीच तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींपैकी ६४ गेल्या. नुसत्या डोळ्यांनी पाहण्याच्या किंवा पेशी काचेवर घेऊन पाहण्याच्या गटांत असा स्पष्ट फरक दिसला नाही.

त्या ६४ जणींचा आकडा मला टोचतो. त्यांच्या गटाला माहिती दिली होती, पण तपासणी दिली नव्हती. त्यावर पुढे टीकाही झाली, आणि ती मला रास्त वाटते. तरी जगभर आज विषाणूच्या तपासणीला जो मान आहे, त्यात परांडा-भूमकडच्या ज्वारीच्या रानांतून आलेल्या बायकांचा वाटा आहे, हेही खरेच.

वहिनींना मी एवढेच सांगितले, की दोन महिन्यांत पोट उतरेल म्हणून वाट पाहू नका, आणि कागदावर विसंबूही नका. आधी डॉक्टरने पोट तपासावे, सोनोग्राफी करावी. मग रक्त लागले तर तीच सांगेल. विषाणूची तपासणीही राहिली आहेच.

काकूला फोन लावला, तर ती म्हणाली, "आगं, तिला म्हणावं लाजू नगंस. रगत नंतर दे, आधी जा तरी!"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. मीही बरोबर जाणार आहे.