रब्बीवाचून

आमच्या चांद्याकडे 'रब्बी' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जवस, हरभरा आणि धान उभे असतानाच ओल्या बांधीत फेकलेली लाखोळी येते. ब्राऊनिंगची 'रॅबाय बेन एझ्रा' ही कविता आम्ही वर्गात एकदा शिकवावयास घेतली, तेव्हा सिंदेवाहीकडच्या एका विद्यार्थ्याने, "सर, खरीप बेन एझ्रा नव्हता का?" असे विचारून साऱ्या वर्गाला हसविले. आम्हीही हसलो, परंतु त्याला उत्तर देता देता आमचे मन कवितेतून निसटून बल्लारशाहच्या रेल्वे वसाहतीत जाऊन पोहोचले.

यहुद्यांचा रब्बी हा आपल्या भटजींसारखा असतो, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नव्हे. इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. यज्ञ थांबले आणि पुरोहितांना काम उरले नाही. त्यानंतर त्या विखुरलेल्या समाजाला धरून ठेवले ते धर्मशास्त्र जाणणाऱ्या गुरूंनी. रब्बी शिकवितो, शास्त्रार्थ सांगतो, विवाह आणि काडीमोड यांच्या गुंत्यांचा निवाडा करतो. प्रार्थना मात्र त्याच्यावाचून अडत नाही. अडते ती दहा जणांवाचून! तेरा वर्षांवरील दहा यहुदी पुरुष जमले, तरच सामुदायिक उपासना पुरी होते, असा जुना दंडक आहे.

हे शास्त्र आम्ही पुस्तकांतून मागाहून वाचले. त्याचा अनुभव मात्र आधी घेतला होता. आमच्या लहानपणी, १९८० च्या सुमारास, आमच्या शेजारी एक रेल्वेचे गार्ड राहत. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल. घरात बोलणे मराठी, बायकांचे नेसणे लुगड्याचे, आडनावाच्या शेवटी गावचा 'कर'. शुक्रवारी दिवेलागणीला त्यांच्याकडे तेलाचा दिवा लागे. आणि कधी नवस फेडावयाचा असला म्हणजे भिजलेल्या पोह्यांत गूळखोबरे घालून केलेला मलिदा आमच्या घरीही येई. तो आम्हांस प्रसादच वाटे.

एका पावसाळ्यात त्यांच्या वृद्ध मातोश्री वारल्या. वसाहतीतली सारी माणसे जमली. आमच्या वडिलांनी हळूच विचारले, "गार्डसाहेब, तुमचे भटजी कोठून बोलवायचे?" ते म्हणाले, "भटजी नाहीत हो आमच्यात. हजान असतो, तो मुंबईला. इथे मीच." ख्रिस्ती दफनभूमीच्या कुंपणालगत जागा मिळाली. मुलाने आईबापांसाठी म्हणावयाची कद्दीश नावाची प्रार्थना आहे. तिला दहा जण लागतात. खड्ड्याभोवती तीसेक माणसे उभी होती, आणि त्यांच्या मोजणीत एकच माणूस होता. त्यांनी 'शमा' तेवढा म्हटला, "कद्दीश मुंबईला म्हणेन" असे स्वतःशीच पुटपुटले आणि मातीची मूठ टाकली. आम्ही सारे इतके जवळ उभे असून त्यांच्या काहीच उपयोगी पडलो नाही, हे वडिलांना फार दिवस लागून राहिले होते.

पुढे त्या समाजाचा इतिहास वाचताना कळले की, गार्डसाहेबांची ती स्थिती नवी नव्हती. साऱ्या समाजाने कोकणात शतकानुशतके तशीच काढली होती. तेलाच्या घाण्या चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू विसरली, ग्रंथ नाहीत, रब्बी नाही. उरला तो सुंता, शनिवार, खवले-पर नसलेला मासा न खाण्याचा नेम आणि एवढा 'शमा'. लग्न असो की मरण, तोच. सणांची नावेही मराठी झाली. प्रायश्चित्ताच्या महाउपवासाचा दिवस तो 'दारफाळणीचा सण'. त्यांच्या परंपरेप्रमाणे दावीद रहाबी नावाच्या परदेशी यहुद्याने त्यांना ओळखले, आणि तीन घराण्यांतील तरुणांना शिकवून 'काझी' नेमले. रहाबी नक्की कोणत्या शतकातला, हा वाद विद्वान अजून घालीत आहेत; घालोत. १७९६ साली सामुएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. १८२६ पासून कोचीनचे यहुदी शिकवावयास आले. हिब्रूचे व्याकरण मराठीत मिळाले ते १८३२ साली, आणि तेही जॉन विल्सन या मिशनऱ्याकडून! पुढे हजानच सारे करू लागला. प्रार्थना चालविणे, सुंता, शास्त्राप्रमाणे पशू कापणे, लग्न लावणे, सगळे त्याच्याकडे. हातावर पोट असलेली ही माणसे. आमच्या मते यांना पाठशाळेची सनद नव्हती, एवढेच काय ते रब्बीपेक्षा उणे.

परंतु त्या उण्याचाच हिशेब पुढे मागितला गेला. इस्राएल राष्ट्र झाल्यावर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. तेथे प्रमुख रब्बींच्या मंडळाने १९६२ साली फर्मान काढले की, यांच्यापैकी कोणाचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी त्याच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. कारण काय, तर कोकणात काडीमोड शास्त्रोक्त झाले असतील कशावरून? ते देववावयास रब्बी होते कोठे? शास्त्राच्या दृष्टीने प्रश्न अगदीच निराधार नव्हता, हे आम्ही मान्य करतो. पण ज्या आज्यांनी गुरूवाचून धर्म सांभाळला, त्यांच्याच नावांची चौकशी गुरूंनी करावी, हे आम्हांस आजही रुचत नाही. समाजाने यरुशलेमेत ठिय्या दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असा ठराव केला, आणि मग फर्मानातून त्यांचे नाव गळले.

गार्डसाहेब इस्राएलला गेले नाहीत. निवृत्त होऊन ते ठाण्यास राहिले. तेथे १८७९ सालचे सिनेगॉग आहे. वडिलांना त्यांचे एक कार्ड आले होते, ते आमच्याजवळ आहे. पावसाची चौकशी, गुडघेदुखी, बल्लारशाहच्या उन्हाची आठवण, आणि शेवटी एक ओळ: "इथे शनिवारी दहा होतात. कधी मला धरून."