टायवीकाठचे हात

एखादी कारागिरी लोपली की आपण सहसा माणसांना बोल लावतो. नवी पिढी शिकत नाही, तिच्यात चिकाटी नाही, जुने लोक गेले आणि विद्याही गेली, हा ठरलेला सूर. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर टायवी नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या कार्डिगन आणि आसपासच्या गावांचा हिशेब मांडला, तर हा सूर खोटा वाटू लागतो. करड्या स्लेटची घरे, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, कधीही भरून येणारे आभाळ आणि जेमतेम चार हजारांची वस्ती, असे हे कार्डिगन. इथे कसबी हातांचा तुटवडा कधी पडला नाही. त्या हातांना लागणारे बाकी सारे, मासा, परवाना, गिऱ्हाईक, एकेक करून निघून गेले आणि त्याचा ठपका मात्र हातांवर आला.

कोरॅकल नावाची इथली होडी घ्या. हंपीला तुंगभद्रेत गिरक्या घेणारी गोल नाव ज्यांनी पाहिली आहे त्यांना हिची चुलतबहीण माहीत आहे. विलोच्या चिरलेल्या पट्ट्या आडव्याउभ्या विणायच्या, काठाला हेझलच्या फोकांची वेणी घालायची आणि वर डांबर फासलेले कापड चढवायचे. कापडाच्या जागी पूर्वी जनावराचे कातडे असे. 1188 मध्ये वेल्सभर हिंडलेल्या जेराल्ड या धर्मगुरूने अशा कातडी होड्या आणि त्या खांद्यावर टाकून चालणारे कोळी यांची नोंद केली आहे. आजही कोळी होडी पाठीवर घेऊन नदीपर्यंत चालत जातो. मासेमारी बहुधा रात्रीची. दोन होड्या, मधे एक जाळे, आणि प्रवाहाबरोबर खाली वाहत जाणे. एका हातात वल्हे, दुसऱ्या हातात जाळ्याची दोरी. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे संचालक राहिलेले जेम्स हॉर्नेल यांनी पुढे ब्रिटनमधल्या कोरॅकलांचा नदीवार अभ्यास केला. टायवीची होडी शेजारच्या टवी नदीच्या होडीहून वेगळी, हे त्यांच्या नोंदींतून दिसते. टायवीच्या वरच्या अंगाला खडक, उथळ पाणी आणि जोराची धार. टवीचे कार्मार्थनखालचे पात्र रुंद, भरतीचे. होडीची कंबर किती आवळायची, पुढचा भाग किती सपाट ठेवायचा, हे सुताराची लहर ठरवत नसे, पाणी ठरवत असे.

मग या होड्या कमी का झाल्या? एकोणिसाव्या शतकापासून सामन माशाच्या कायद्यांनी जाळ्यांवर बंधने आणली. 1930 च्या दशकात, भरती जिथवर पोचत नाही त्या वरच्या पात्रात, म्हणजे केनार्थसारख्या गावांत, नवे परवाने मिळणे बंद झाले. आधीपासूनचे कोळी मासे धरू शकत होते, पण हक्क मुलाकडे जात नव्हता. मुलाला वल्हे मारता येत असे, होडीही बांधता येत असे. तिचा उपयोग करण्याची मुभा तेवढी नव्हती. 2017 मध्ये पश्चिम वेल्समधल्या कोरॅकलने धरलेल्या सामन आणि सागरी ट्राउट यांना युरोपीय संघाचे संरक्षित भौगोलिक नाव मिळाले, आणि 2020 पासून सर्व वेल्समध्ये पकडलेला प्रत्येक सामन परत पाण्यात सोडण्याचा नियम आला. तीन वर्षांत नावाला मान मिळाला आणि मासा हातचा गेला. सरकारी दप्तरांना विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणतो?

यावर एक रास्त आक्षेप आहे. सामन खरोखरच घटले आहेत. समुद्रात वाचणारी पिल्ले कमी झाली, नद्यांत शेतीचा मैला आणि खते उतरतात. अशा वेळी परंपरेच्या नावाखाली कोळ्यांना सूट द्यायची का? द्यावी असे माझे म्हणणे नाही. मासाच उरला नाही तर जाळेही उरणार नाही. पण मग तो निर्णय निर्णय म्हणूनच मांडला जावा. मूठभर जाळ्यांवर बंदी घालणे सोपे असते. नदीकाठच्या शेकडो गोठ्यांचे सांडपाणी अडवणे अवघड असते. सोपे आधी केले गेले आणि त्याची किंमत एका कारागिरीने मोजली, एवढे कबूल केले तरी पुरे.

दुसरा आक्षेप अधिक गोड आहे: मासेमारी गेली तरी कला टिकेल की. केनार्थला कोरॅकलचे संग्रहालय आहे, किलगेरनला दर ऑगस्टमध्ये शर्यती होतात, होडी बांधायला शिकवणारे वर्ग भरतात. हे सारे चांगलेच आहे. पण शर्यतीच्या होडीला जाळे ओढायचे नसते, मासा आत घ्यायचा नसतो, काळोखात तासन् तास प्रवाहात तोल सांभाळायचा नसतो. काम सुटले की टायवीची होडी टवीच्या होडीहून वेगळी असण्याचे कारणच सुटते. आकार राहील, पण तो आकार का, याचे उत्तर देणारी नदी तिथे नसेल.

उलट बाजूचा पुरावाही याच गावात आहे. कार्डिगनमध्ये ड्यूहर्स्ट कंपनीचा जीन्सचा कारखाना होता. सुमारे 400 माणसे आठवड्याला 35,000 जीन्स शिवत. 2002 मध्ये काम मोरोक्कोला गेले आणि कारखान्याला कुलूप लागले. जवळजवळ दशकभर ते कसब घराघरांत पडून राहिले. मग ह्युट डेनिम नावाच्या छोट्या कंपनीने त्यातल्याच काहींना बोलावून पुन्हा जीन्स शिवायला घेतल्या, आणि शिवणारा आपल्या जीन्सवर सही करू लागला. दहा वर्षांत हात विसरले नव्हते. चारशेंपैकी थोड्यांनाच काम मिळाले, हेही खरे; कसब टिकले म्हणून रोजगार आपोआप परत येत नाही.

कारखान्यातल्या शिवणीला कारागिरी म्हणायचे का, असे नाक मुरडणारे भेटतील. त्यांनी जाड डेनिमच्या पाच-सहा थरांतून सरळ शिवण घालून पाहावी. अधिक गंभीर तक्रार अशी की शंभर पौंडांहून महाग जीन्स काय किंवा फिशगार्डजवळच्या मेलिन ट्रेगविंट गिरणीची ब्लँकेटे काय, ही दूरच्या श्रीमंतांसाठीच असतात. गावाचा त्यात वाटा मजुरीपुरता. पण दूरचे गिऱ्हाईक इथे नवे नाही. टायवीच्या खोऱ्यातल्या लोकरगिरण्या दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींतल्या कामगारांसाठी फ्लॅनेल विणत. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याची मागणी आटली, पुढे खाणींना मंदी आली, आणि गिरण्या पटापट बंद पडल्या. विणकर तेच, लोकर तीच. तेव्हा खाणकामगाराला अंगात घालायला शर्ट लागत होता, आजच्या गिऱ्हाइकाला वस्तूमागची गोष्टही लागते, एवढाच फरक. गोष्टीवर विकले जाणारे काम अधिक ठिसूळ, ही भीती मला पटते. म्हणून मेलिन ट्रेगविंटची मालकी 2022 मध्ये तिथल्या कामगारांच्या विश्वस्त निधीकडे गेली, हे मला डिझाइनच्या कौतुकापेक्षा मोलाचे वाटते. गिऱ्हाईक कुठलेही असो, काम थांबवायचे की चालवायचे हे ठरवताना आता विणणाऱ्यांचे हित दूर कुठे विसरले जाणार नाही.

कोळ्यांच्या हाती असे काही नाही. सामन सोडण्याचा नियम दहा वर्षांसाठी आहे. तोवर सागरी ट्राउटच्या आखूड हंगामात काही परवानाधारक होडी पाण्यात टाकत राहतील. मुदत संपेल तेव्हा अधिकारी माशांची गणती मागवतील, आणि ती मागवावीच. त्याच टेबलावर आणखी एक आकडा ठेवायला हवा: परवाना असलेल्या किती जणांबरोबर अजून एखादा शिकाऊ रात्री नदीत उतरतो आहे.