आयोवातलं तिकीटवाटप

अमेरिका पाहून आलेली माणसं नायगारा सांगतात, न्यूयॉर्कच्या इमारती सांगतात, तिथे रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवत नाही हे तर हटकून सांगतात. मी सांगणार आहे एका शाळेच्या जेवणाच्या हॉलबद्दल. राज्य आयोवा, माणसं सुमारे बत्तीस लाख आणि डुकरं दोन कोटींच्या वर. गाव सीडर फॉल्स, वॉटर्लूला अगदी लागून. तारीख ३ फेब्रुवारी २०२०. त्या हॉलमध्ये मी तिकीटवाटप पाहिलं. ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, सगळ्यांदेखत, आणि तेही राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचं.

यात एवढं नवल काय, असं एखाद्याला वाटेल. पण मी भोसरीचा. तिकीटवाटप होऊन गेल्यावरच कळायचं, अशीच आम्हाला सवय. आधी चौकात ‘भावी आमदार’चे फ्लेक्स लागतात. मग वाढदिवस दणक्यात होतात, देवदर्शनाच्या बसगाड्या सुटतात. पक्षाकडून इच्छुकांच्या मुलाखती होतात. त्यात काय विचारलं हे विचारायचं नसतं. पुढे सगळे मुंबईला जाऊन बसतात. आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनच्या आत, निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर एबी फॉर्म पडतो. ‘ए’वर पक्षाने सहीचा अधिकार कुणाला दिला ते, ‘बी’वर उमेदवाराचं नाव. त्या दोन कागदांना मतदाराचा हात कुठेच लागत नाही. चर्चेला मात्र खंड नसतो. कंपनीच्या बसमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत, टपरीवर, कुणाला मिळालं, कुणाचं कापलं, कोण आयात आणि कोण निष्ठावंत, यावर शिफ्टच्या शिफ्ट निघते.

आयोवात मी भाचीकडे गेलो होतो. भाची निगडीत वाढलेली, जावईबापू आकुर्डीचे. दोघं इंजिनिअर, आणि जावई आता तिथले नागरिक. वॉटर्लूत जॉन डिअरचे ट्रॅक्टर १९१८ पासून बनतात, म्हणजे तसं आमच्याच बिरादरीतलं गाव. पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरले ते घरांपुढचे बोर्ड. गुडघ्याएवढी पुठ्ठ्याची पाटी, त्यावर उमेदवाराचं नाव, फोटो नाही. एका घरापुढे वॉरन, शेजारी सँडर्स, पलीकडे बायडन. मी जावयांना विचारलं, ‘‘यांना पाटी लावायचे पैसे मिळतात का?’’ ते म्हणाले, ‘‘मामा, उलट काही जण विकत आणून लावतात.’’ मी पुढे काही विचारलं नाही.

हा सगळा खटाटोप डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी. नोव्हेंबरात ट्रम्प यांच्याविरुद्ध कोण उभं राहणार हे राज्याराज्यातले मतदार ठरवणार होते, आणि १९७२ पासून या रांगेत आयोवाचा पहिला नंबर होता. त्यामुळे तिथल्या मतदाराची ऐट विचारू नका. उमेदवाराला दोन-तीनदा समोरासमोर भेटल्याशिवाय आपण मन बनवत नाही, असं ही माणसं खरोखरच म्हणतात. २००८ साली इलिनॉयचे सिनेटर ओबामा इथे पहिले आले आणि सिनेटर हिलरी क्लिंटन तिसऱ्या; तिथून सगळं चित्र बदललं. १९७६ मध्ये तर पहिला क्रमांक ‘अजून कुणीच नाही’ या पर्यायाचा आला होता आणि जिमी कार्टर दुसरे होते. दुसरे आलेले कार्टर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

२०२०च्या मैदानात तीन सिनेटर जोरात होते. व्हरमाँटचे बर्नी सँडर्स, मॅसॅच्युसेट्सच्या एलिझाबेथ वॉरन आणि शेजारच्या मिनेसोटाच्या एमी क्लोबुचार. शिवाय माजी सिनेटर जो बायडन आणि साउथ बेंडचे माजी महापौर पीट बुटिजज. पण ऐन धामधुमीत ट्रम्प यांच्यावरचा महाभियोग सिनेटपुढे आला आणि तिन्ही सिनेटरांना वॉशिंग्टनला न्यायासनावर बसावं लागलं. प्रचाराला घरची मंडळी. वॉरनबाईंचा बेली नावाचा कुत्रासुद्धा सभांना हजेरी लावत होता आणि लोक त्याच्याबरोबर फोटो काढून घेत होते. उमेदवाराच्या घरातले सगळे प्रचाराला उतरतात हे आम्हाला नवीन नाही. कुत्रा मात्र नवीन.

उमेदवार ठरवायच्या या सभेला तिथे ‘कॉकस’ म्हणतात. संध्याकाळी सातला सुरुवात. सातच्या आत रांगेत असलेला प्रत्येक जण आत. पक्षाचं सभासदत्व नसेल तर दारातल्या टेबलावर तिथल्या तिथे नोंदणी. नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतरा वर्षांची पोरंही मतदार. मला आणि भाचीला भिंतीकडेच्या खुर्च्या, कारण तिला अजून नागरिकत्व नव्हतं आणि मी तर पाहुणाच. सुरुवातीलाच एक मोठं पाकीट हातोहात फिरू लागलं. मी सावरून बसलो. पाकीट जवळून गेलं तेव्हा कळलं की लोक त्यात पैसे टाकत होते. पक्षाच्या खर्चासाठी वर्गणी! आमच्याकडेही निवडणुकीत पाकिटं फिरतात म्हणे, पण उलट्या दिशेने.

मग अध्यक्षीण बाईंनी सांगितलं, आपापल्या कोपऱ्यात जा. गुप्त मतदान नाहीच. सँडर्सवाले खिडकीपाशी, वॉरनवाल्या वाचनालयाच्या दाराशी, बुटिजज मध्यभागी, बायडन फळ्याजवळ. जावईबापू गेले क्लोबुचारबाईंच्या कोपऱ्यात. शेजारच्या राज्याची, बोलायला ठाम, आणि टोकाचं काही बोलत नाही, हे त्यांचं कारण. त्यांच्या शेजारी त्यांच्याच ऑफिसातला साहेब उभा राहिला नाही, तो समोर सँडर्सकडे गेला. आणि दोघांनी एकमेकांना हात केला. इथे मला पहिला खरा धक्का बसला. साहेबाच्या देखत, शेजाऱ्याच्या देखत, बायकोच्या देखत आपलं मत कुठे ते पायाने दाखवायचं आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच पार्किंगमध्ये भेटायचं! आमच्या भावकीत हे एकदा झालं तर पुढच्या तीन लग्नांची आमंत्रणं बंद.

मोजणी झाली. नियम असा की हजर माणसांच्या पंधरा टक्के तरी गटात हवीत. शंभर जण असले तर पंधरा. त्याहून कमी भरले तर तो गट बाद, आणि गटातल्यांनी दुसरीकडे जायचं, किंवा असेच अडकलेले इतर गट जोडून भर घालायची, नाहीतर घरी. क्लोबुचारबाईंचा कोपरा थोडक्यात उणा पडला. आणि मग सुरू झाली ती गंमत. आतापर्यंत शांत उभी असलेली माणसं आमच्या जावयांकडे धावली. लग्नातसुद्धा त्यांना एवढा मान मिळाला नव्हता.

पहिली आली वॉरनचा बिल्ला लावलेली एक निवृत्त शिक्षिका. तिच्या पर्समध्ये घरच्या बिस्किटांचा डबा. ती म्हणाली, तुम्हाला ठाम बाई हवी होती ना, ही घ्या. पाळणाघराचा खर्च कसा भागवायचा हे तिने पैशापैशाने मांडलंय. मग आला सँडर्सचा माणूस, ट्रॅक्टर कारखान्यातला युनियनवाला. त्याचा मुद्दा एकच, सरकारी आरोग्य विमा सगळ्यांना, कंपनीवर अवलंबून राहणं बंद. त्यावर जावयांच्याच गटातली एक बाई तडकली. ‘‘आमच्या नवऱ्याच्या युनियनने भांडून मिळवलेला विमा आहे. तो काढून घेऊन सरकारचा देणार? दिला नाही तर?’’ युनियनवाला म्हणाला, ‘‘कंपनीने उद्या कामावरून काढलं तर तो भांडून मिळवलेला विमाही जातो.’’ मी खुर्चीत पुढे सरकलो. ही चर्चा मला ओळखीची होती. आमच्या पट्ट्यात पोराचा पगार एकवीस हजारांच्या वर गेला की तो ईएसआयच्या बाहेर पडतो, आणि पगारवाढीचे पेढे वाटताना आई विचारते, आता दवाखान्याचं काय? फरक एवढाच की आमच्याकडे हा प्रश्न कुणी उमेदवारी ठरवताना विचारत नाही. विचारणारा त्या खोलीतच नसतो.

दुसरं एक वाक्यही ओळखीचं निघालं. पलीकडून बायडनवाले सांगत होते, तुम्हाला कोण आवडतं ते सोडा, ट्रम्पला हरवेल कोण ते बघा. म्हणजे आपली ‘निवडून येण्याची क्षमता’! आमच्याकडे पक्षाचे निरीक्षक मुंबईत सांगतात तेच इथे एक आजोबा काठीवर रेलून शेजाऱ्याला सांगत होते. त्यांना उलट उत्तरही मिळालं. सतराएक वर्षांची एक मुलगी म्हणाली, ‘‘आजोबा, चार वर्षांपूर्वी हेच सांगून क्लिंटनबाईंना दिलं होतं ना?’’ आजोबा हसले, पण जागचे हलले नाहीत.

जावई शेवटी गेले वॉरनकडे. बिस्किटांनी काम केलं की पाळणाघराने, हे मी विचारलं नाही. भाचीला दिवस गेले होते हे मला माहीत होतं. प्रत्येकाच्या हातात सहीचं कार्ड, एका बाजूला पहिली पसंती, दुसऱ्या बाजूला अखेरची. टाळ्या, खुर्च्या घडी करून भिंतीला, आणि नऊच्या आत माणसं घरी.

आता एवढं बघून तिथल्या लोकशाहीच्या पायाशी लोळण घ्यावी असं काही नाही. निकाल त्या रात्री आलाच नाही. आकडे कळवायला पक्षाने केलेलं ॲप बिघडलं, फोन लागेनात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले ते अर्धेमुर्धे आकडे. शेवटी मतं सँडर्सना जास्त आणि प्रतिनिधींच्या हिशेबात बुटिजज केसभर पुढे, असा घोळ झाला. शिवाय सगळ्या राज्यात मिळून कॉकसला आले सुमारे पावणेदोन लाख लोक. रात्रपाळीवाला, तान्ह्या मुलाची आई, दुसरी शिफ्ट करणारा, यांनी संध्याकाळी सातला कुठून यायचं? चाकणला हा प्रकार केला तर निम्मं चाकण लाइनवर असेल. तिथल्यांनाही हे कळत होतं, म्हणून त्या वर्षी काही जादा कॉकस भरवले. ऑटम्वा गावात मांस कारखान्यातल्या कामगारांसाठी एक भरला, भर दुपारी, शिफ्टच्या आधी. बहुतेक इथिओपियातून आलेले. पंधरा जण जमले, चौदा सँडर्सकडे गेले. तरी टीका थांबली नाही. २०२४ साठी पक्षाने आयोवाचा पहिला मान काढून घेतला, आणि तिथले डेमोक्रॅट टपालाने पसंती कळवू लागले.

पैसाही तिथे बाद नाही. आपले बेळगावचे श्री ठाणेदार घ्या. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाची उमेदवारी मागायला ते स्वतःच्या खिशातून अफाट खर्च करून उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसच्या जागेसाठी पुन्हा उतरले. समोर राज्याचे सिनेटर ॲडम हॉलियर, पाठीशी शहराचे मोठमोठे नेते. ठाणेदारांना तीस टक्क्यांपेक्षा कमी मतं पडली, पण नऊ जणांच्या गर्दीत तीच सगळ्यांत जास्त होती. तिकीट त्यांना. पैशाने दार उघडलं हे खरं, पण आत घेतलं मतदारांनी. नेत्यांच्या नाराजीने काही अडलं नाही.

विमानात मी हिशेब मांडत होतो. आमच्याकडे मतदाराला तिकिटात काहीच हात नाही, हे खरं का? पिंपरी, चिंचवड, भोसरी हे तीन मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये पहिल्यांदा निवडणुकीला सामोरे गेले. चिंचवडमधून लक्ष्मण जगताप निवडून आले, अपक्ष. भोसरीतून विलास लांडे, तेही अपक्ष. २०१४ मध्ये भोसरीने महेश लांडगे निवडले, पुन्हा अपक्ष. आणि गंमत पुढे आहे. या तिघांनाही पुढच्या विधानसभेला पक्षाचं तिकीट मिळालं. जगताप आणि लांडगे यांना भाजपचं, लांडे यांना राष्ट्रवादीचं. म्हणजे आधी तिकीट मतदारांनी दिलं, एबी फॉर्म मागून आला. बंडखोर हाच आमचा कॉकस! फक्त आम्ही तो मुख्य निवडणुकीतच उरकतो, आणि त्याची किंमत मोठी असते. २०२३ च्या चिंचवड पोटनिवडणुकीत अश्विनी जगताप सुमारे छत्तीस हजारांनी जिंकल्या आणि बंडखोर अपक्ष राहुल कलाटे यांनी चव्वेचाळीस हजारांच्या वर मतं घेतली. उमेदवारीचा तो वाद आधीच एखाद्या हॉलमध्ये मिटला असता, तर ती मतं कुठे गेली असती, यावर आमच्या टपरीवर अजून दोन गट आहेत. पुढच्याच वर्षी कलाटे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे अधिकृत उमेदवार होते.

म्हणून आता मी कुणाही इच्छुकाला एकच सुचवतो. मुंबईला जाण्याआधी एक हॉल घ्या, चाकणला घेतला तर शिफ्ट बघून वेळ ठेवा, आणि कोपरे आखून ठेवा. नेहमी चौघांत ‘वर बोलणं झालंय’ असं सांगता, ते एकदा इथे सगळ्यांसमोर सांगून बघा. लोक उत्तर देतील. तसं झालं तर बंडखोर कमी होतील, मतं वाया जाणार नाहीत, आणि नुकसान झालंच तर एकट्या फ्लेक्सवाल्याचं होईल.