सातपुड्याचा रानपिंगळा

फिलिपाइन्सच्या अरण्यातील महागरुड जगात केवळ लुझॉन, समार, लेयते आणि मिंडानाओ या चार बेटांवर आढळतो. त्याचे जोडपे साधारणतः दोन वर्षांतून एकच पिलू वाढवते. त्याविषयी वाचताना मन मात्र खानदेशाकडे वळले. सातपुडा हेही एक बेटच आहे. भोवती समुद्राऐवजी कापूस आणि केळीची शेते, एवढाच भेद. या बेटावर रानपिंगळा राहतो.

अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या लहानशा घुबडाची शास्त्रीय नोंद केली. खानदेशात नेमणुकीस असलेले इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे नमुने जमवले. त्यांतील अखेरचा नमुना १८८४ चा. त्यानंतर शतकभर तो कोणास दिसल्याची खात्रीलायक नोंद नाही. मायनर्टझहागेन नावाच्या प्रसिद्ध पक्षितज्ज्ञाने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याचा दावा केला होता. वस्तुतः तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच नमुना होता, चिठ्ठी तेवढी नवी! विद्वानाचे असत्य किती काळ वाट चुकवू शकते, याचे हे उदाहरण. पॅमेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा पाहिला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. पुढे मेळघाटात आणि आपल्या जळगावच्या यावल अभयारण्यातही तो आढळला.

घुबड असूनही तो दिवसा वावरतो, निष्पर्ण शेंड्यावर उघड बसतो. म्हणजे ज्याला तो धरायचा आहे, त्याला तो सहज दिसतो.

दिवाळीच्या सुमारास घुबडांचा बळी देण्याचा अघोरी प्रकार अद्याप थांबलेला नाही. माझ्या लहानपणी लक्ष्मीपूजनाआधी एक जुना गिऱ्हाईक आमच्या धान्याच्या दुकानी आला आणि "शेठ, घुबड कुठे मिळेल?" असे हळूच विचारू लागला. वडिलांनी उत्तर दिले नाही. त्याचे खाते काढले, बाकी मांडली आणि वही मिटली. पुन्हा त्याला आमच्याकडून उधार मिळाले नाही.

आपल्या जीवदयेच्या पेटीतील पैसा बहुधा पांजरपोळास जातो, आणि तो जावाच. रानपिंगळ्यास मात्र चारा नको, निवारा नको. घरट्यासाठी ढोली असलेले जुने झाड उभे राहिलेले हवे. सागाचे फर्निचर करावयास टाकताना हा हिशेब आपल्यापैकी किती जण मांडतात?